न्हाव्याची जागा

त्याला सगळे गारेगार म्हणत. फ्रिज, एसी, बर्फाची यंत्रं, पाण्याचे कूलर, जे जे म्हणून थंड करतं ते दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि नावं ठेवणाऱ्यांना एवढं पुरेसं होतं. स्वभावानं मात्र तो अजिबात गार नव्हता. नळीला कुणी वेडावाकडा टाका मारलेला दिसला की त्याचं डोकं फिरायचं. "हे काम कुठल्या गाढवानं केलं?" हा त्याचा ठरलेला प्रश्न, आणि पुष्कळदा गाढव समोरच उभं असायचं. हात सोन्यासारखा आणि तोंड फाटकं, त्यामुळे गिऱ्हाइकं त्याला घाबरतही होती आणि सोडतही नव्हती.

त्याचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, तांब्यावर. लोखंड गंजतं, ॲल्युमिनियमला भोकं पडतात, प्लास्टिक उन्हात तडकतं. तांबं वाकवाल तसं वाकतं आणि वर्षानुवर्षं दगा देत नाही, असं तो, माणसांबद्दलही ज्या आपुलकीनं बोलत नसे, त्या आपुलकीनं सांगायचा. जुन्या यंत्रांतून निघालेल्या नळ्या तो विकत नसे. पलंगाखाली पोत्यात घालून ठेवायचा. बायको म्हणायची, "मी गेल्यावर यांच्याशीच संसार करा."

बायको शिवणकाम करायची. घरातच, खिडकीशी मशीन. टेप न लावता तिला कापडाचा मध्य कळायचा. पाच हात कापड दोन्ही हातांत धरून ती नुसती एकदा नजर फिरवी आणि चिमटीत मध्य पकडी; गारेगारनं पैज लावून मोजून पाहिलं होतं, बोटभरही फरक निघाला नव्हता. तो हरलेल्या पैजा सहसा विसरायचा, ही विसरला नाही.

एका दुपारी ती मशीनवरून घसरून खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ. डावा हात आणि डावा पाय गेला. वाचा शाबूत राहिली, म्हणून भेटायला आलेले सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. गारेगारलाही आधी तसंच वाटलं होतं. मग तिसऱ्या दिवशी तिच्या ताटातला उजवीकडचा भात संपला आणि डावीकडचा तसाच राहिला, आणि ती म्हणाली, "आज भात फार कमी वाढलात."

तिचे डोळे चांगले होते. पण डावी बाजू म्हणून जगात काही असतं हेच तिचं मन विसरलं होतं. केस विंचरायची ते उजवीकडचेच. डावीकडून कुणी बोललं तर ती उजवीकडे बघून उत्तर द्यायची. एकदा तिनं पांघरुणात स्वतःचाच लुळा हात चाचपला आणि घाबरून विचारलं, "अहो, हा कुणाचा हात ठेवलाय माझ्याजवळ?" बाहेर जिन्यात जाऊन गारेगार बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला.

घरी आणल्यावर दिवसभर तिच्याजवळ तिची धाकटी बहीण येऊन बसू लागली, आणि आठवड्यातून दोनदा व्यायाम घेणारी बाई यायची. ही बाई तरुण होती, बोलायला स्पष्ट. ती कागदाची लांब पट्टी काढी, तिच्यावर एक आडवी रेघ मारी आणि बायकोच्या हातात पेन्सिल देऊन म्हणे, "मावशी, हिच्या बरोबर मध्यावर खूण करा." ज्या बाईला कापडाचा मध्य नजरेनं कळायचा तिनं पहिली खूण केली ती रेघेच्या उजव्या टोकापासून दोन बोटांवर. "हा घ्या मध्य," ती आत्मविश्वासानं म्हणाली. मेहुणीनं तोंड फिरवलं.

व्यायामवाल्या बाईनं गारेगारला दाराशी बोलावून सांगितलं, "काका, पहिले सहा महिने सोन्याचे. त्यात जेवढं परत येईल तेवढं येईल. नंतरही येतं, पण कणाकणानं, आणि सगळ्यांचं येत नाही. त्यांना डावीकडे वळायला लावा. डावीकडे असं काहीतरी ठेवा की त्यांना बघावंसंच वाटलं पाहिजे. सक्तीनं होत नाही हे."

अडीच महिने तर गेलेच होते.

बघावंसं वाटेल असं काय, हे त्याला माहीत होतं. इस्पितळातून घरी यायच्या आदल्या दिवशी तिची चाकाची खुर्ची खालच्या दालनात उभी केली होती आणि तिच्या डाव्या हाताला भिंतीत खाऱ्या पाण्याची एक टाकी होती. तिच्यात एक तांबडी-पांढरी कोळंबी होती, लांब पांढऱ्या मिशांची. ती एका माशाच्या अंगावर चढून त्याचे गाल, कल्ले, अगदी तोंडाच्या आतलंही साफ करत होती, आणि मासा आ वासून शहाण्यासारखा थांबला होता. कोळंबी त्याच्यावरून चालत डावीकडे गेली. तिच्यामागे बायकोची नजर गेली, आणि नजरेमागे मान. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. "हा बघा न्हावी," ती हसत म्हणाली, "गिऱ्हाइकाची दाढी करतोय."

एवढ्या एका वाक्यावर गारेगारनं पुढचं सगळं उभारलं.

आधी त्यानं सोपं करून पाहिलं. गोड्या पाण्यातला एक सोनेरी मासा काचेच्या बरणीत आणला. उजवीकडे ठेवला तेव्हा ती म्हणाली, "हा नुसता तोंड उघडतो नि मिटतो, तुमच्या थोरल्या भावासारखा." डावीकडे ठेवला तेव्हा मासा तिच्यापुरता जगात उरलाच नाही. तीन दिवस मान तसूभर वळली नाही. तेव्हा तो मासा मेहुणीच्या घरी गेला आणि गारेगार खाऱ्या पाण्याच्या माशांच्या दुकानात गेला.

दुकानदार जाड चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस होता. गारेगारनं सांगितलं, लहान टाकी हवी, स्वस्तात हवी, आणि न्हावी हवा. न्हावी म्हणजे काय ते समजावून सांगायला थोडा वेळ गेला.

"लहान जास्त अवघड असते," चष्मेवाला म्हणाला. "समुद्र मोठा आहे म्हणून चुका पोटात घालतो. चार बादल्यांचा समुद्र काही पोटात घालत नाही."

"चुका आपण करत नाही," गारेगार म्हणाला.

स्वस्तात म्हणजे किती स्वस्तात ते त्यानं दाखवून दिलं. टाकी एका बंद पडलेल्या दवाखान्यातून उचलली, एका कडेला गळकी. जुना डिंक ब्लेडनं खरवडून त्यानं सांधे नव्यानं भरले आणि आठ दिवस पाण्यानं भरून ठेवून खाली वर्तमानपत्र अंथरलं. कागद कोरडा राहिला. स्टँड फ्रिजच्या सांगाड्याचा. दिवा मोडीतला, पंप मोडीतला, दोन्ही उघडून साफ केलेले. हात आखडता घेतला नाही तो फक्त तिथं, जिथं चष्मेवाल्यानं हट्ट धरला: समुद्राचं मीठ, ते बरोबर पडलं का ते दाखवणारा काटा, पांढरी रेती, आणि भोकाभोकांचे समुद्रातले दगड, ज्यांना तो जिवंत दगड म्हणायचा.

पाण्यावरून मात्र त्यांची थोडी वाजली. नळाचं पाणी चालणार नव्हतं, शुद्ध हवं होतं. गारेगार म्हणाला, "एसीचं ठिबकणारं पाणी रोज बादलीभर जमतं माझ्याकडे. हवेतलं पाणी ते, त्याच्याहून शुद्ध काय?"

"यंत्राचं पाणी नको," चष्मेवाला म्हणाला. "त्यात काय काय उतरलेलं असतं."

गारेगारला वाटलं, धूळ म्हणतोय. एसीच्या आत किती धूळ असते ते त्याच्याएवढं कुणाला माहीत? त्यानं मान डोलावली आणि गाळलेलं पाणी विकत घेतलं. हे दोघंही शहाणे होते, आणि एकानं विचारलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं नाही.

मग थांबणं आलं. दगड-रेती घालून पाणी भरलं की लगेच मासे सोडता येत नाहीत. आधी पाण्यात अमोनिया चढतो, मग दगडातले जंतू तो खातात, आणि तो शून्यावर आला की मगच टाकी राहण्याजोगी होते. "अमोनियाशी आपली जुनी ओळख आहे," गारेगार म्हणाला. खरंच होती. पोरवयात तो बर्फाच्या कारखान्यात लागला होता, तिथं सगळा कारभार अमोनियावर. तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी रंग बदलणारी पट्टी पाण्यात बुडवून बघायचा. पिवळी झाली की जीव भांड्यात पडायचा, हिरवी झाली की दिवस वाईट जायचा. टाकी बायकोच्या पलंगाच्या डावीकडे, हातभर अंतरावर होती. ती तिच्याकडे बघत नव्हती. चौथा महिना अर्धा सरला तेव्हा कुठं पट्टी सलग चार दिवस पिवळी राहिली.

त्यानं पाच गोगलगायी आणल्या, एक नारिंगी पट्टेवाला मासा आणला आणि न्हावी आणला. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तासाभरानं सोडली. न्हाव्याची एक मिशी प्रवासात अर्धी तुटली होती.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गारेगार जेवायला घरी आला होता. मासा उजव्या कोपऱ्यात, तिच्या नजरेच्या कडेला आला आणि न्हावी त्याच्या पाठीवर चढला. मासा वळला. बायकोची नजर वळली, मान वळली, खांदासुद्धा उशीवरून थोडा उचलला गेला, आणि ती डावीकडे, अगदी डावीकडे, काचेच्या दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिली. "अगंबाई," ती म्हणाली, "दुकान उघडलं वाटतं." गारेगारच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं मेहुणीला विनाकारण दोन शब्द सुनावले.

त्यानंतरचे पाच आठवडे हे त्या घरातले शेवटचे चांगले आठवडे होते, आणि ते खरोखरच चांगले होते हे सांगितलं पाहिजे. न्हावी दगडाखाली गेला की ती शोधायची. सापडला की मेहुणीला बोलवायची. तिनं गोगलगायींनाही नावं ठेवली, सगळी नणंदांची. कागदाच्या पट्टीवरची खूण हलू लागली. गारेगार प्रत्येक पट्टी तारीख घालून भिंतीवर एकाखाली एक चिकटवायचा, आणि खुणांची ती रांग उजवीकडून मधल्या बाजूला तिरपी उतरत होती. ताटातला डावीकडचा भात संपू लागला. एका सकाळी तिनं गाऊनची डावी बाही स्वतः शोधली, उजव्या हातानं लुळा हात उचलून तिच्यात घातला आणि म्हणाली, "माझाच आहे हो हा. कसला वाळलाय." व्यायामवाल्या बाईनं टाळी वाजवली. त्या आठवड्यात बायकोनं मशीनवरचं कापड काढून तेल घालायला सांगितलं. पुढच्या महिन्यात एखादी साधी उशीची खोळ, बस, एवढंच तिला हवं होतं.

मग उन्हाळा चढला. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावरची, डोक्यावर तापलेला स्लॅब. टाकीतला तापमानाचा काटा सव्वीसवरून अठ्ठावीस, अठ्ठावीसवरून एकतीसवर गेला. न्हावी सुस्तावला, मासा पृष्ठभागाशी येऊन हवेसाठी तोंड उघडू-मिटू लागला. चष्मेवाल्यानं टाकी थंड करणारं यंत्र दाखवलं आणि किंमत सांगितली. आतापर्यंतच्या सगळ्या खर्चाहून ती जास्त होती.

गारेगार हसला. थंड करायचं यंत्र आणि ते त्यानं विकत घ्यायचं? दुकानदाराला तो काही बोलला नाही. घरी आला आणि पलंगाखालचं पोतं ओढलं.

दोन रविवार तो त्याच्यावर बसला. मोडीतल्या पाण्याच्या कूलरचा कॉम्प्रेसर, आणि पोत्यातली सगळ्यात चांगली नळी. आत वाळू भरून, हळूहळू, एकही चिमटा न पडू देता त्यानं ती गुंडाळली: अकरा वेढे, प्रत्येकात सारखं अंतर. ती गुंडाळी टाकीमागे एका झाकणाच्या बादलीत उभी केली. टाकीचं पाणी तापलं की यंत्र आपोआप चालू व्हायचं, पंप टाकीतलं पाणी बादलीत आणायचा, गार नळीवरून फिरवून परत टाकीत सोडायचा. थंड झालं की सगळं बंद, आणि पाणी बादलीत नळीभोवती तसंच थांबून राहायचं. धंद्यातले दोघं मुद्दाम बघायला आले. एक म्हणाला, "मास्तर, ही बादलीत कशाला लपवली? देव्हाऱ्यात ठेवा." गारेगारनं आयुष्यात केलेलं ते सगळ्यात सुंदर काम होतं. मला वाटतं ते तसं होतंही.

काटा सव्वीसवर येऊन थांबला. दुसऱ्या दिवशी दोन गोगलगायी काचेवरून गळून रेतीत उताण्या पडल्या. उन्हाचा आधीच बसलेला तडाखा, असं त्यानं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तो वैतागूनच. एका गिऱ्हाइकानं चारचौघांत त्याला चोर म्हटलं होतं. तो चपला काढतोय तोच बायको म्हणाली, "अहो, ते यंत्र बंद करा. ते घरघरलं की न्हावी पळतो. त्या नळीतून पाणी आलं की पार कोपऱ्यात जातो आणि थरथरतो. मी दिवसभर बघतेय."

त्यानं वाकून पाहिलं. यंत्र तेव्हा बंद होतं. न्हावी दगडावर होता, नेहमीसारखा. काटा सव्वीसवर.

"काही थरथरत नाही," तो म्हणाला.

"आता नाही. चालू झालं की. डावीकडे त्या कोपऱ्यात..."

"तुझं डावीकडचं काही खरं असतं का गं? परवापर्यंत स्वतःच्या हाताला परका म्हणत होतीस."

मेहुणी भांडी विसळत होती ती थांबली. गारेगारला बोलल्याबरोबर चटका लागला होता, पण शब्द मागे घेण्याची त्याच्या तोंडाला सवय नव्हती. त्यानं विषय बदलावा म्हणून बादलीचं झाकण उघडलं. नळीवर हिरवट साय धरली होती. त्याला ते कामाला लागलेलं गालबोट वाटलं. त्यानं गुंडाळी काढली, बारीक पॉलिशपेपरनं एकेक वेढा घासून चकचकीत केला आणि परत पाण्यात बसवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा बायको झोपली होती आणि न्हावी रेतीवर आडवा पडला होता, पाय आत ओढलेले. त्यानं काठीनं हलवून पाहिलं. मग त्यानं जे केलं ते प्रेमानंच केलं, यात शंका नाही. त्यानं न्हावी चिमट्यानं उचलून कागदात गुंडाळला, मेहुणीला गप्प राहायला सांगितलं, दुकान गाठलं आणि तासाभरात तेवढ्याच मापाचा दुसरा आणून टाकीत सोडला. चष्मेवाल्यानं विचारलं, "आधीच्याला काय झालं? टाकीत काही धातू तर नाही?" गारेगार घाईत होता. "लोखंडाचा खिळासुद्धा नाही," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं.

बायको उठली. तिनं डावीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"तोच आहे."

"त्याची डावी मिशी अर्धी होती. याच्या दोन्ही लांब आहेत."

गारेगारच्या ते कधी लक्षातही आलं नव्हतं. एवढ्याशा जनावराची मिशी, आणि तीही डावी. खरं सांगायची ती वेळ होती. त्याऐवजी तो तिच्या उशाशी बसला आणि समजुतीच्या, मऊ आवाजात म्हणाला, "अगं, तुला तसं वाटतं. आजारपण आहे ना. तोच आहे तो."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "असेल," ती म्हणाली, आणि मान उजवीकडे वळवून दाराकडे बघत पडून राहिली.

दुसरा न्हावी दीड दिवस टिकला. उरलेल्या गोगलगायी त्याच्याआधी गेल्या. मासा कल्ले फाकून पाण्याच्या धारेशी तडफडत राहिला आणि शनिवारी सकाळी तोही गेला. पाणी इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. काचेवर शेवाळाचा ठिपका नाही, दगडांवरचा जांभळा थर सगळा उडून दगड पांढरे झाले होते. बायकोनं या सगळ्यात काही विचारलं नाही. तिच्या ताटात डावीकडचा भात राहू लागला होता. मेहुणी म्हणाली, "भावोजी, ताई बघतच नाही हो तिकडे." तो म्हणाला, बघेल.

त्यानं टाकीचं पाणी बाटलीत भरून दुकानात नेलं. चष्मेवाल्यानं मीठ पाहिलं, अमोनिया पाहिला, सगळं ठीक. "थंड कशानं करता?" त्यानं विचारलं. गारेगारनं सांगितलं. अकरा वेढ्यांचं सांगितलं, सारख्या अंतराचं सांगितलं, पॉलिश केल्याचंही सांगितलं. बोलताबोलता त्याच्या लक्षात आलं की समोरच्यानं चष्मा काढून हातात घेतलाय.

"तांबं?" चष्मेवाला म्हणाला. "उघडं? खाऱ्या पाण्यात?"

"तांबं दगा देत नाही," गारेगार म्हणाला.

"मीठ तांब्याला खातं, काका. ते पाण्यात उतरतं. तुम्हाला दिसणार नाही, मला दिसणार नाही. कोळंबीला आणि शंखांना ते थेंबभर पुरतं. तुमचं पाणी बादलीत नळीजवळ थांबून राहायचं, आणि यंत्र सुरू झालं की ते सगळं एकदम टाकीत. आणि घासलंत म्हणजे... वरची साय थोडं तरी अडवत होती, तीही काढलीत." त्यानं चष्मा परत घातला. "दगडांनी, रेतीनं ते शोषलं असणार. महिनोन्‌महिने सोडत राहतील. सगळं टाकावं लागेल."

गारेगारला बर्फाचा कारखाना आठवला. तो सतरा वर्षांचा होता आणि अमोनियाच्या लायनीवर त्यानं हौसेनं तांब्याचा तुकडा जोडायला घेतला होता. मिस्त्रीनं फाडकन त्याच्या हातावर मारलं होतं. अमोनिया तांबं खातो, तिथं फक्त लोखंड. म्हणजे तांबं खाणारं जगात काहीतरी असतं, हे त्याला तेव्हापासून माहीत होतं. बाकीच्या वर्षांत ते सोयीनं पुसलं गेलं होतं.

पण घरी येताना त्याच्या डोक्यात तांबं नव्हतं. नळीतून पाणी आलं की तो पळतो, ती म्हणाली होती. मी दिवसभर बघतेय. त्या घरात ज्या एका माणसानं डावीकडे नीट पाहिलं होतं, त्यालाच त्यानं तुला दिसत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि एकदा नाही, दोनदा.

त्यानं दगड आणि रेती पोत्यात भरली. गुंडाळी बादलीतून काढली, तिच्याकडे न बघता पायानं दाबून चपटी केली आणि त्याच पोत्यात घातली. मग टाकी पुसली, बाहेर नेली आणि तो बायकोपाशी आला.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं तीस वर्षांत कुणालाच म्हटलं नव्हतं. "यंत्रानंच मारलं. माझ्या नळीनं. आणि दुसरा मी बदलून आणलेला. मिशीचं तुझं बरोबर होतं."

"कुठला दुसरा?" ती म्हणाली.

"न्हावी. दुसरा न्हावी."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला काय विचारता," ती म्हणाली. "माझं डावीकडचं काही खरं नसतं."

सोमवारी व्यायामवाली बाई आली. तिनं रेघ मारली. बायकोनं पेन्सिल घेतली आणि उजव्या टोकापासून तीन बोटांवर खूण केली. बाईनं भिंतीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, गारेगारकडे पाहिलं, आणि पुन्हा एक रेघ मारली. पुन्हा तिथंच. "कंटाळा आला असेल मावशींना," ती म्हणाली. सहा महिन्यांतले अकरा दिवस उरले होते. गारेगारनं ती पट्टीही तारीख घालून भिंतीवर लावली, कारण मोजमाप लपवणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. मेहुणीनं मशीनवर परत कापड घातलं.

त्यानं सात दिवसांची कामं लोकांना परत केली. ज्या जागी टाकी होती तिथं, फ्रिजच्या सांगाड्यावर फळी टाकून, तो बसू लागला. जेवायचा तिथंच, वाचून दाखवायचा तिथंच. दिवसभर तो तिच्या डाव्या हातापासून हातभर अंतरावर असायचा आणि मधून मधून त्या हाताच्या बोटांना तेल चोळायचा.

एका दुपारी ती जागी झाली. मेहुणी बाजारात गेली होती. ऊन दारातून आत आलं होतं आणि ती दाराकडे बघत होती.

"अहो," तिनं हाक मारली, "कुठे आहात?"

"इथंच आहे," तो म्हणाला.

तिनं दारातून जिन्यापर्यंत नजर टाकली. "कुठे इथं?"

"अगं, इकडे. तुझ्याजवळ. न्हाव्याच्या जागी."

त्याचा हात तिच्या हातात होता, पण तो तिचा डावा हात होता. ती दाराकडेच बघत राहिली. "आत या ना मग," ती म्हणाली. "बाहेर उन्हात कशाला उभे राहता?"